महिनाभर वजन उचलायचं नाही

सकाळचे सहा वाजले की महबूबचा फोन वाजायचा. वाजायचा म्हणजे वाजायचाच, मग ईद असो की दिवाळी. दौंडात रेल्वेलाईनीच्या अलीकडं त्याचं दोन खोल्यांचं घर, आणि तिकडं शिरूर तालुक्यात मांडवगण फराट्याच्या मळ्यात पोपटराव. फजरची नमाज बसल्या जागी आटपून महबूब फोन मांडीवर घेऊनच थांबलेला असायचा.

“आरसा बघितला का?” पलीकडून पहिला सवाल हाच. रामराम नाही, सलाम नाही.

“बघितला आप्पा. साफ हाय.”

“पाणी?”

“दोन तांबं झालं.”

“नळी वाहतीय का?”

“वाहतीय. रंग तुमच्या घरच्या चहापरीस पातळ हाय.”

“मंग जगलास म्हन की आजच्या दिवस!” असं म्हणून पोपटराव खोकला येईस्तोवर हसायचे.

दोघांचेही मणके तुटलेले. पोपटराव उसाच्या ट्रॉलीवर मोळ्या रचताना वरून पडले, त्याला सोळा वर्षं झाली. छातीपासून खाली सगळं अंग मुकं. महबूब मांडव-लायटिंगवाला. अकरा वर्षांपूर्वी एका लग्नाची झालर बांधताना बांबू सटकला आणि कमरेखाली काही उरलं नाही. लोकांना वाटतं, मणका तुटला म्हणजे चालणं गेलं, झालं. अहो, चालणं गेलं ही तर त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट! ते दुःख माणूस वर्षा-दोन वर्षांत गिळून टाकतो. मागं लागतं ते बाकीचं. लघवी नळीतून, संडास घड्याळाच्या काट्यावर, नळी तुंबली की थंडीताप, ताप आला की सलाईन. आणि सगळ्यांचा बाप म्हणजे बेडसोर. दोन-दोन तासांनी कूस बदलली नाही की हाडाखालचं मांस दबतं, आतल्या आत कुजायला लागतं, आणि ज्याचं अंग त्याला पत्ता नाही, कारण दुखतच नाही. म्हणून रोज सकाळी आरसा धरून पाठ, बैठक, टाचा बघायच्या. लाल डाग दिसला की त्या अंगावर भार टाकायचा नाही. एवढं केलं तर माणूस जगतो, नाही केलं तर जातो.

हे सगळं महबूबला शिकवलं पोपटरावांनी. पुण्याच्या वॉर्डात दोघांच्या खाटा शेजारी होत्या. पोपटराव तेव्हा बेडसोरसाठीच आलेले, दोन महिने पालथे पडून. महबूबला तर जगायचंच नव्हतं. तो ताट ढकलून द्यायचा. एक दिवस पालथ्या पोपटरावांनी हात लांब करून त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. “लेका, मरायचं आसंल तर घरी जाऊन मर. हितं मी जेवतोय.” पडल्यापासून महबूब पहिल्यांदा हसला तो तेव्हा.

आणि सोजराबाई, पोपटरावांची बायको. त्या वेळी महबूबची बायको शहाबानो नवव्या महिन्यात होती, तिला वॉर्डात येता येईना. महबूबची आई तर कधीच वारलेली. मग नवऱ्याचं आवरून झालं की सोजराबाई पदर खोचून शेजारच्या खाटेकडं वळायची. महबूबला ह्या कुशीवरनं त्या कुशीवर करायची, घाण काढायची, पुसून पावडर लावायची. तो लाजेनं भिंतीकडं तोंड फिरवायचा. “आरं, माज्या पोटचा आसतास तर लाजला आसतास का?” एवढंच म्हणायची आणि त्याच हातांनी, ते धुऊन, त्याला बाजरीची भाकरी कुस्करून द्यायची. ते हात महबूब विसरणार होता होय?

तर अशी ही माणसं. गोष्ट बिघडली ती सोजरामावशीच्या डोळ्यांपायी.

दोन वर्षांपूर्वी तिला आरशातलं दिसेना. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चाललेला. पोपटरावांच्या पोरानं, विक्रमनं, बापाला जुना मोबाईल दिला आणि सोबत पोरंटोरं स्वतःचे फोटो काढतात तसली काठी. तो रांजणगावला कंपनीत, बायकोपोरांसह तिथंच राहायला. येणार फक्त सुट्टीच्या दिवशी. मग नवीन रीत पडली. पहाटे सोजराबाईनं आप्पांना कुशीवर करायचं, आप्पांनी काठी मागं नेऊन फोटो काढायचा, आणि तो जायचा दौंडला, महबूबच्या मोबाईलवर. म्हाताऱ्याच्या पाठीचे फोटो बघत दिवस उजाडायचा बिचाऱ्याचा. “कसली हिरोईन धाडलीया बघ आज,” आप्पा म्हणायचे. महबूब फोटो मोठा करून करून बघायचा आणि सांगायचा, साफ हाय.

ह्या वर्षी शिरूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी सोजराबाईला समोर बसवून सांगितलं, “आजी, उजवा मोतीबिंदू जास्त पिकून आत काचबिंदू झाला, तो डोळा गेला. आता त्याला काही करता येत नाही. डावा अजून वाचतो, पण लगेच. आणि ऑपरेशननंतर महिनाभर वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही.”

सोजराबाई सरळ उठली आणि घरी आली. दिवसाउजेडी अन् रात्री मिळून दहा-बारा वेळा नवऱ्याचं पासष्ट किलोचं अंग वळवणारी बाई ती. महिनाभर वजन उचलायचं नाही म्हणे! “आंधळी झाले तरी ह्यांची कूस मला हातानं समजती,” ती म्हणाली. “डोळं काय करायच्यात?”

पोपटराव तीन दिवस तिच्याशी भांडले. चौथ्या दिवशी जेवण सोडलं. शेवटी बाई वाकली. कालव्याच्या पलीकडचा नवनाथ सकाळ-संध्याकाळ येऊन आप्पांना धुईल, वळवील असं ठरलं. रात्रीचं काय, असं तिनं विचारलं तर आप्पा म्हणाले, “रातीला विक्रमनं मानूस ठेवलाय, त्यो उशिरा मागल्या दारानं यील आन् उजाडायच्या आत जाईल, तू बाहीरच्या खोलीत नीज. हितल्या धुळीनं डोळा बिघडंल.” असा कुणी माणूस नव्हता. आप्पांनी विक्रमला सांगितलं होतं की नवनाथच रात्रीचा झोपायला येतो, आणि बायकोला सांगितलं की विक्रमनं माणूस धाडलाय. दोघांना दोन थापा. हवेची गादी आहे तेवढी बास झाली, असं त्यांनी मनाशी धरलं. हवेची गादी म्हणजे काय माणूस आहे कूस बदलायला?

ऑपरेशन झालं. सहाव्या दिवशीच्या फोटोत महबूबला माकडहाडावर डाग दिसला. बंद्या रुपयाएवढा, लालभडक.

“आप्पा, लाल हाय. नवनाथला बोटानं दाबायला सांगा, पांढरं पडतंय का बघा.”

नवनाथनं दाबलं. पांढरं पडलं नाही. म्हणजे आतलं मांस मरायला लागलं होतं. ह्याचा अर्थ दोघांनाही पाठ होता.

थोड्या वेळानं आप्पांचा परत फोन आला, आवाज अगदी बारीक. “महबूब, ह्ये सोजराला कळता कामा न्हाई. विक्रमला बी न्हाई. कळलं तर ती त्याच क्षनाला मला वळवाया वाकंल. डोळा जाईल तिचा. चोवीस दिस राह्यल्यात. चोवीस दिस मी काढतो.”

“अवो आप्पा, पर तुम्हाला ठावं हाय ना ह्ये काय आसतंय? दोन म्हैनं पालथं काढल्यात तुम्ही.”

“म्हनून तर सांगतोय. एकदा काढलंय, आजून एकदा काढू. पर तिचा म्हैना झाल्यावं.” मग जरा थांबून म्हणाले, “वार्डात तुजं कुनी केलं, आठवतंय का? तिचा डोळा हाय ह्यो. तोंड उघडलंस तर मी मेलो तुला.”

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत. सांगावं तर जिनं आईसारखं धुतलं तिचा उरलेला एक डोळा जातो. न सांगावं तर आप्पा जातात. त्यानं मान हलवली, फोनवर मान हलवलेली दिसते का कुणाला? मग म्हणाला, “बरं आप्पा.”

त्या दिवसापासून सहाचा फोन म्हणजे नाटक झालं. आप्पा मुद्दाम फोनचा स्पीकर चालू करायचे, बाहेरच्या खोलीत बायकोला ऐकू जावं म्हणून. “काय रं, फोटू बघितला का माजा?” आणि महबूबनं मोठ्यानं म्हणायचं, “बघितला आप्पा, साफ हाय!” पलीकडून बारीक आवाज यायचा, “साफ हाय म्हनतोय व्हय? बरं झालं बाई.” ते ऐकलं की महबूबच्या तोंडाची चव जायची. खरं बोलायचं ते तो नंतर मोबाईलमध्ये बोलून, रेकॉर्ड करून धाडायचा. आप्पा ते कानाला लावून ऐकायचे.

“आप्पा, कातडी फाटलीय. आजपासून खुर्चीत बसू नका.”

“आप्पा, कडा वाढलीय. डॉक्टरला दाखवा, नवनाथबरोबर गपचीप जाऊन या.”

आप्पांनी डॉक्टरला दाखवलं नाही. नवनाथनं मेडिकलमधून गोळ्या आणि मलम आणलं. तो बिचारा भोळा. उष्णतेचं गळू आहे असं आप्पांनी त्याला सांगितलं, त्यानं मानलं आणि रोज इमानदारीनं पट्टी बदलत राहिला.

अठराव्या दिवशी फोटोत काळं दिसलं. मधोमध काळं, करपलेल्या भाकरीसारखं. महबूब आता घरी बसून लोकांचे मिक्सर-पंखे दुरुस्त करायचा, हातातला मिक्सर त्यानं बाजूला सारला. त्यानं मोबाईल तोंडाशी धरला आणि बोलला, “आप्पा, काळं पडलंय. आता सांगा मावशीला, पाया पडतो.”

आप्पांचं उलट रेकॉर्डिंग आलं, “बाराच राह्यल्यात. डोकं लई ठनकतंय रं दोन दिसापासनं, घाम फुटतोय वरच्या अंगाला. पर ते व्हतंय कवाकवा.”

ते कवाकवा नव्हतं. खालचं अंग बोलू शकत नाही, म्हणून ते डोक्यातून बोंबलतं. हे आप्पांनीच त्याला वॉर्डात शिकवलं होतं. तेच आता विसरल्याचं सोंग करत होते.

शहाबानोच्या नजरेतून काही सुटत नाही. “काय झालंय जी तुम्हाला?” तिनं विचारलं. “मोबाईल बघता आन् पालथा घालून ठिवता. जेवन चाललं न्हाई दोन दिवस.”

“काय न्हाई.”

“काय न्हाई कसं? आप्पा बरे हायेत ना?”

“बरे हायेत,” महबूब म्हणाला. आणि बायकोशी खोटं बोलल्यावर त्याला कळलं की आपलंही आप्पांसारखंच झालंय, थाप मारायला आता वेळ लागत नाही.

बाविसाव्या दिवशी त्याला राहवेना. आज जाऊन मावशीला समोर सांगायचं, डोळा गेला तर गेला, आप्पांच्या शिव्या खायच्या, पण सांगायचं, असं ठरवून त्यानं चार चाकांची केलेली आपली स्कूटर काढली. शहाबानोनं खाली गादी घातली, पाण्याची बाटली लटकवली. “मधी थांबून बूड उचलत जावा,” तिनं बजावलं. तो कुठला थांबतोय! ऊसतोडीच्या ट्रॉल्या, खड्डे, नदीचा पूल, सगळं एका दमात पार करून तो मांडवगणच्या मळ्यात पोचला. बसल्या जागी उचलायचं भान त्याला राहिलं नाही.

सोजराबाई ओट्यावर काळा चष्मा लावून शेंगा फोडत बसली होती. स्कूटरचा आवाज ऐकून तिनं मान वर केली, चष्मा काढला, आणि डाव्या डोळ्यानं त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. मग हसली. अकरा वर्षांत महबूबनं तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

“महबूब! आरं, तुज्या दाढीत पांढरं आलंय की रं!” ती उठून जवळ आली, हात न लावता नुसती बघत राहिली. “दोन वर्सं निस्ता आवाज ऐकत व्हते तुजा. वाळलास की रं. शहाबानो जेवाया घालती का न्हाई? थांब, त्यो शर्ट निळा हाय ना? निळाच हाय! काल मी सुईत दोरा ववला, खरंच. ह्यांना म्हनलं, आवं बगा, ववला. डोळ्यात पानी आलं रं ह्यांच्या.”

सांगायचं ते तसंच ठेवून महबूब स्कूटरवरून ओट्यावर उतरला आणि हातांवर सरकत आत गेला.

आतल्या खोलीत चार-चार अगरबत्त्या पेटवलेल्या. त्या वासाखालून दुसरा वास येत होता. महबूबला तो ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. आप्पा गळ्यापर्यंत चादर ओढून पडलेले, गाल बसलेले, कपाळ घामानं चमकत होतं. डोळे मात्र महबूबवर रोखलेले. बाहेर सोजराबाई चहाचं आधण ठेवत होती आणि तिथूनच बोलत होती, भिंतीवरचं कॅलेंडर कसं वाचता येतंय, कोंबडीच्या पिलांचे रंग कसे वेगळे दिसतात.

“आठ,” आप्पा म्हणाले. एवढंच.

“आप्पा, मी सांगायला आलोय.”

“ऐकलंस ना कशी बोलतीया?” आप्पा म्हणाले. “सोळा वर्सं माजी घान काढली तिनं. कवा एका शब्दानं बोलली न्हाई. तिला येक डोळा देऊ दे मला. येवढं तरी माज्या हातनं हू दे.”

सोजराबाई कपबश्या घेऊन आली. ट्रेसुद्धा जड म्हणून एकेक कप वेगळा आणत होती, डॉक्टरनं सांगितलेलं इतकं पाळत होती ती. “आज ह्यांचा फोटू बघितलास का?” तिनं विचारलं.

महबूबनं तिच्याकडं बघितलं. स्वच्छ, पाणीदार डोळा, लहान लेकरासारखा.

“बघितला मावशी,” तो म्हणाला. “साफ हाय.”

तिनं कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला. महबूबनं चहा कसा प्यायला, परत कसा आला, त्याला आठवत नाही. पूल ओलांडल्यावर स्कूटर बाजूला घेऊन तो ढसाढसा रडला. आणि तिथंही त्यानं मनात हिशेब केलाच, की आठ दिवस म्हणजे काय फार नाही, आप्पा चिवट माणूस आहे. बाहेरच्या कुणी हे ऐकलं असतं तर त्या दोघांना येड्यात काढलं असतं. पण अकरा वर्षं रोज सकाळी मरणाला फसवत आलेली माणसं ती. आणखी आठ दिवस फसवू, असं त्यांना वाटलं.

पंचविसाव्या दिवशी सहा वाजले आणि फोन वाजला नाही. फोटोही आला नाही. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. महबूबनं लावला तर कुणी उचलेना. सात वाजता विक्रमचा फोन आला, “महबूबभाई, आप्पा बोलंनात. अंग तापलंय. पुण्याला चाललोय.”

पुण्याच्या डॉक्टरांनी चादर काढली आणि विक्रमला विचारलं, हे इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही? विष रक्तात गेलं होतं. तीन दिवस आप्पा मशिनीवर होते, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी गेले. ज्या सकाळी त्यांची राख सावडली त्याच दिवशी सोजराबाईचा महिना भरला.

महबूब मातीला गेला नाही. स्कूटर बिघडली म्हणून निरोप धाडला. खरं कारण, त्याला त्या डोळ्यासमोर जायचं नव्हतं. तो खाटेवर पडून राहिला. नमाज चुकली, पाणी चुकलं. शहाबानो कूस बदलायला आली तर “मी केलीय” म्हणून तिला परत पाठवायचा. आरसा खिळ्याला तसाच लटकत राहिला. कशाला बघायचा? विचारणारं कोण होतं आता? मांडवगणहून आल्यापासून त्यानं एकदाही बघितला नव्हता. सहावीतली सुहाना दारात उभी राहून बापाकडं बघायची आणि आईला जाऊन विचारायची, अब्बू बोलत का नाहीत. शहाबानो तिला जवळ घ्यायची. आप्पा गेल्याचा घोर आहे, असं तिला वाटायचं. खरं काय ते तिला कुठं ठाऊक होतं?

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी सहाला महबूबचा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, आप्पा.

त्याच्या अंगावर काटा आला, जिथवर येऊ शकतो तिथवर. त्यानं फोन कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास.

“मावशी?”

“व्हय,” सोजराबाई म्हणाली. “ह्यांचा मोबाईल म्या ठिवून घेतलाय. विक्रम नगं म्हनत व्हता.”

महबूबनं फोन कानाशी आणखी दाबून धरला.

“त्यातलं फोटू बघितलं म्या. समदं बघितलं. ह्याच डोळ्यानं. पयला लाल, मंग फाटल्याला, मंग काळा. दिसतंय मला आता. चांगलं दिसतंय.” तिचा आवाज कोरडा होता. “फोटूच्या खाली तुजं बोलनं बी ऐकलं. ‘मावशीला सांगा, पाया पडतो.’ आन् रोज सकाळी मला ऐकू यावं म्हनून काय वरडत व्हतास? साफ हाय. माज्या घरात बसून, माजा च्या पिऊन सांगितलंस, साफ हाय.”

“मावशी, मला माफ...” महबूबला हुंदका आवरेना. “तुमचा डोळा... आप्पा म्हनले...”

“आप्पा म्हनले! आन् मी?” आता तिचा आवाज फुटला. “माज्या डोळ्याचा सौदा तुम्ही दोगांनी केला, मला इचारलं का रं कुनी? सोळा वर्सं ह्या हातांनी त्यांना राखलं. डोळं नव्हतं तवा बी राखलं. मला काय बघायचं व्हतं? शेंगा? कोंबडीची पिल्लं? आरं, ज्याला बघायचं त्यालाच न्हेलं तुम्ही माज्या म्होरनं. येकदा इचारायचं व्हतंत. म्या सांगितलं आसतं, मला डोळा नगं.”

महबूब रडत होता. ती रडत नव्हती. तिकडं कुठं तरी कोंबडा आरवला, कुणी तरी मोटार चालू केली. आता ती फोन ठेवील आणि पुन्हा कधी करणार नाही, असं महबूबला वाटलं, आणि तेच बरोबर आहे असंही वाटलं.

“महबूब,” ती म्हणाली.

“जी मावशी.”

“आरसा बघितला का?”

त्याला वाटलं, आपल्या कानाला भास झाला.

“इचारते म्या. आरसा बघितला का आज?”

साफ हाय, हे दोन शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. महिनाभर घासून गुळगुळीत झालेले. त्यानं ते गिळले.

“न्हाई मावशी. तुमच्याकडनं आलो त्या दिसापासनं न्हाई बघितला.”

“मंग फोटू धाड.”

“मावशी, तुम्हाला कसा...”

“आरं, तुजं काय बघायचं ऱ्हायलंय माजं? धाड म्हनते ना. डोळा दिलाय ना मला? मंग वापरू दे.”

महबूबनं खाटेचा गज धरून अंग कुशीवर ओढलं, मोबाईल मागं नेला आणि अंदाजानं बटण दाबलं. फोटो स्वतः बघायची त्याची छाती झाली नाही. तसाच धाडला. दोन मिनिटं गेली. तेवढ्या वेळात बाहेरून एक गाडी धडधडत गेली आणि भिंतीवरचा आरसा हलला.

“हाय,” सोजराबाई म्हणाली. “डाव्या बैठकीवं हाय. कडंनं लाल हाय, मधी पानी धरलंय. त्या स्कूटरवं बसून आलास त्येचंच आसनार ह्ये. लई दिस झाल्यात. शहाबानोला ठावं हाय का?”

“न्हाई.”

“मंग हाक मार तिला. आत्ता मार. मला ऐकू यिऊ दे.”

पलीकडच्या खोलीत शहाबानो सुहानाचा डबा भरत होती, ताटाचा आवाज येत होता. महबूबनं फोन उशीवर ठेवला, बंद न करता. डोळे पुसले.

“शहाबानो,” त्यानं हाक मारली. मग परत, मोठ्यानं मारली. “शहाबानो, इकडं ये. मला बघ.”